हिरव्या घुमटाचं चित्र कोणी पोचवायचं

मी, श्रीमती अनसूया परशुराम केणी, वय सत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार केबिन रोडजवळ, भाईंदर पूर्व, जिल्हा ठाणे, हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. मोतीबिंदू काढल्यापासून हिरवा आणि पोपटी मला लांबूनही वेगळे दिसतात, तेव्हा दृष्टीबद्दलही कुणी शंका काढू नये. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. राग आहे, आणि तो दोन वर्षं पूर्ण विचार करून ठेवलेला आहे.

१. माझे यजमान परशुराम वारले त्याला दहा वर्षं झाली. आम्हाला दोन अपत्यं: मुलगा पराग, जो पत्नी निशिगंधासह माझ्याच फ्लॅटमध्ये राहतो, आणि बोईसरला दिलेली मुलगी ममता. माझे दागिने निम्मे ममताला, निम्मे निशिगंधाला. सुनेला का, असं ममताने विचारू नये. ज्या दिवशी या घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, त्या दिवशी ती एकटी माझ्यासमोर चहाचा कप ठेवून बसून राहिली होती.

२. यापुढचं कळण्यासाठी दिलशाद मुकादम कोण, ते लिहिणं भाग आहे. माझगावला चाळीत आमच्या भिंतीला भिंत लागून ती राहायची. परागच्या जन्मानंतर मला टायफॉइड झाला आणि पाच आठवडे मी मुलाला जवळ घेऊ शकले नाही. दिलशादची नसरीन तेव्हा तीन महिन्यांची होती. तिने दोघांनाही अंगावर पाजलं. त्यांच्यात असं दूध पाजलं की ते मूल कायमचं आपलं होतं. पराग आणि नसरीन सख्खे भाऊबहीण, त्यांचं लग्न होऊ शकत नाही, वगैरे सगळं तिने तेव्हाच माझ्या सासूबाईंना बजावून सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "बाई, पोर जगू दे आधी." पोर जगलं. आज सोसायटीचा सेक्रेटरी आहे.

३. आम्ही भाईंदरला आलो, त्र्याण्णवनंतर दिलशादही मीरा रोडला नयानगरात आली. हजला जायची तिची फार इच्छा होती. दोनदा तयारी झाली, दोनदा गुडघ्यांनी दगा दिला, आणि आता ती पलंगावरून उठत नाही. एकदा मला म्हणाली, "अनू, तू शाळेत इतक्या पोरांना डोंगर, सूर्य, झोपडी शिकवलीस. मला मदिनेची मशीद बसल्या जागी दाखव की." तिच्याकडचं जुनं कॅलेंडर समोर ठेवून मी कामाला लागले. मिनार आणि कमानी रंगीत पेन्सिलींनी केल्या, आकाश पेस्टलने, घुमटाला दोन्ही. अंगणात माणसं काढू का विचारलं तर म्हणाली, "नको गं, आयुष्यभर गर्दीच पाहिली." पाच महिने लागले. घुमटाचा हिरवा साधेना, एका खोक्यात मनासारखी हिरवी पेन्सिल एकच असते. केबिन रोडवरचा स्टेशनरीवाला धर्मेश शेवटी म्हणाला, "टीचर, आप पूरी दुकान का हरा ले गए, बाकी रंग का मैं क्या करूँ?" बाकीचे रंगही मीच घेतले.

४. चित्र दिलशादला देण्याआधी एकदा लोकांनी पाहावं, हा माझा मूर्खपणा. दोन हजार सहाच्या गणेशोत्सवात सोसायटीत चित्रप्रदर्शन होतं, विषय "माझे श्रद्धास्थान". मी दिलं. पहिल्याच संध्याकाळी चेअरमन नीरज मला म्हणाला, "आंटी, पिक्चर एकदम मस्त है, पण विषयात 'माझे' लिहिलंय. ये आपका थोडी है?"

मी चाळीस वर्षं मुलांना विषय समजावून सांगितलेत, मला 'माझे' शिकवतो. जिच्या ओढीने दिलशादने माझ्या मुलासाठी रोज नमाजात पाच वेळा दुव्याला हात उचलले ती जागा माझी नाही, तर मग कुणाची?

नीरज परका माणूस, त्याचं मी सोडून देते. पण खुर्चीवर चढून ते चित्र उतरवलं परागने. माझ्या पोराने, माझ्यादेखत. म्हणाला, "आई, उगाच इश्यू नको. आपल्याला इथेच राहायचंय." त्याने ते नेऊन जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत ठेवलं होतं, ते मी दुसऱ्या दिवशी वर आणलं. पेस्टल कच्चं असतं, धरलं की बोटाला येतं. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, निळ्या आकाशात, परागच्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे. मी तो दुरुस्त केलेला नाही आणि कुणी करूही नये. तसाच वर काच लावून घेतला आहे.

५. हे चित्र मी दिलशादला देते. मग दोन वर्षं ते तुमच्याच भिंतीवर कसं, असं कुणी विचारेल. मी ते घेऊन तिच्या दारात गेले होते. तिने आत घेऊ दिलं नाही. "ज्याने उतरवलं तो आणून देईल. तू आणलंस तर तो कशाला येईल?" एवढंच बोलली. नंतर विचारलं, पराग अजून कारलं टाकतो का ताटात. तिला राग नाही. म्हणून दोघींचा राग मला एकटीला करावा लागतो.

६. म्हणून राहता फ्लॅट पराग व ममता यांना समान हिश्श्याने देते, पण परागच्या हिश्श्याला अट आहे. माझ्या तेराव्याच्या आत त्याने ते चित्र स्वतःच्या हाताने दिलशादकडे पोचवावं. दिवसाढवळ्या. पेपरात गुंडाळू नये, चादर टाकू नये, निशिगंधाच्या हाती देऊ नये. चित्राची बाजू लोकांकडे करून केबिन रोडने स्टेशनपर्यंत चालत जावं, पुढे रिक्षा केली तरी चालेल. दिलशाद तोवर नसेल तर नसरीनकडे द्यावं. न जमल्यास त्याचा हिस्सा नसरीनला जाईल. पहिल्या कलमात अपत्यं मोजताना मी दोन लिहिली, ती कायद्यासाठी. नसरीन सोसायटीची सभासद झाली तर नीरजने तिला नियमांचं पुस्तक द्यावं आणि 'माझे' या शब्दाचा अर्थही सांगावा.

७. बँकेतल्या ठेवी दोन्ही मुलांना सारख्या, त्यात अट नाही. रंगीत पेन्सिलींची चौदा खोकी सोसायटीच्या मुलांना द्यावीत. त्यांत हिरवा रंग एकातही नाही, तेव्हा कमिटीची हरकत नसावी.

८. पराग, हे कलम तुझ्यासाठी, वकिलासाठी नाही. मृत्युपत्र मी गेल्यावर लागू होतं, पण दिलशाद माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे आणि गेल्या महिन्यापासून तिचं जेवण सुटलंय. याची एक प्रत आज तुझ्या टेबलावर ठेवते. तू माझ्या जिवंतपणी गेलास तर कलम सहा मी स्वतः फाडीन. चित्र बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर आहे. खुर्ची तिथेच ठेवली आहे. उतरवायचं कसं, ते तुला येतं.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, बरोबर आहे, आणि खालील दोघांच्या समोर सही केली. दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: अनसूया परशुराम केणी

साक्षीदार:
१. धर्मेश शहा, स्टेशनरी दुकानदार, केबिन रोड
२. सुलू वर्तक, निवृत्त मुख्याध्यापिका, भाईंदर पूर्व

ठिकाण: भाईंदर पूर्व
दिनांक: १४ जून २००८