तिसरा कोट

प्रिय गौरांगी,

हे पत्र आपल्या इथल्याच, गाडीने अडीच-तीन तासांवरच्या लंडनला, तुझ्या मैत्रिणीच्या, माधवीच्या पत्त्यावर पाठवते आहे. माझा फोन तू उचलणार नाहीस, आणि तुझ्या जागी मी असते तर सासूचा फोन मीही उचलला नसता. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड, एवढीच माझी अट.

आधी आपल्या सलूनची खबर. व्हिटबीत थंडी अजून हटलेली नाही, तरी प्रॉमच्या, शाळेच्या निरोपाच्या नाचाला जाणाऱ्या मुलींचे फोन सुरू झालेत. सगळ्यांना टॅन हवाय. मी गोरी व्हावी म्हणून माझ्या आईने दहा वर्षं मला साय आणि डाळीचं पीठ चोळलं, आणि इथे गोऱ्या पोरी अंगावर सावळा रंग फवारून घ्यायला रांग लावतात. हे ऐकून तू किती हसली होतीस! "आई, आजींना व्हिडिओ कॉल करून हे दाखवायला हवं होतं," म्हणालीस. तुझं हसणं मला फार आवडायचं. नीलच्या घरात ते कमी होत गेलं हे माझ्या लक्षात आलं होतं. आलं नव्हतं असं आता म्हणणार नाही.

हा रंग फवारायचं मशीन निवडायचं ठरलं तेव्हा आपण दोघी केवढ्या भांडलो. आठवडाभर वापरून बघायला तीन मशिन्स आली होती. एक हातात मावणारं, हलकं. दुसऱ्याला जमिनीवर ठेवायचा जड पंखा-डबा, त्यातून लांब पाईप आणि टोकाला गन. तिसरी आख्खी केबिन, आत उभं राहिलं की आपोआप फवारणारी. केबिन तू पहिल्याच दिवशी बाद केलीस, उंच आणि बुटकी दोघींना सारखंच रंगवते म्हणून. माझा जीव हलक्या मशीनवर, कारण माझा उजवा खांदा. तुला मात्र जडच हवं होतं. त्याचा फवारा बारीक, ओघळ येत नाहीत, असं तुझं म्हणणं. आणि आपल्या बायका आल्या तर त्यांच्या कातडीवर हा रंग कसा बसतो तेही बघायला हवं, म्हणून फवारणीच्या तंबूत तूच उभी राहिलीस. प्रत्येक मशीनचा आधी एक फोटो, नंतर एक फोटो, तारखेसकट. हा नियमही तुझाच.

तू फक्त हात पुढे केलेस. पाठ दाखव, असा हट्ट मी धरला, कारण ओघळ पाठीवरच कळतात. मग गिऱ्हाइकांना शिकवतो तसे हात वर करून हळूच वळलीस.

डाव्या दंडावर चार बोटं उमटली होती, जांभळी. पाठीवर पट्ट्याचे तीन वळ, दोन ताजे आणि एक पिवळा पडलेला. माझ्या हातात फोन तयारच होता, बोट दाबलं गेलं. "दारावर आपटले," तू म्हणालीस.

ते दार माझ्या चांगल्या ओळखीचं आहे, गौरांगी. नीलच्या बाबाने, उल्हासने, मला पायऱ्यांवरून ढकललं होतं. पाहुण्यांसमोर मी मोठ्याने हसले, एवढंच निमित्त. खांद्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमध्ये मी सांगितलं, दारापुढचा बर्फ शोव्हलने उपसताना घसरले. या देशात कुठलाही दोष बर्फावर घालता येतो, कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. नील तेव्हा नऊ वर्षांचा होता, माझा कोट धरून शेजारी उभा होता. त्याने डॉक्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तो गप्प राहिला. शाळेत कधी शिकला नसेल इतकं तो त्या दिवशी शिकला.

हे सगळं अंगावर झेललेली बाई मी, आणि मी काय केलं? त्या फोटोच्या दुसऱ्या दिवशी ओकव्हिलला नात्यातल्या मिलिंदच्या मुलीचं लग्न होतं आणि तुझा ब्लाउज बिनबाह्यांचा. मी सगळ्यात गडद रंग भरला. दोन कोट मारायचे असतात, मी तीन मारले. तिसरा कोट फक्त त्या वळांवर. वाळल्यावर तुला आरशापुढे उभं करून म्हटलं, "बघ, काही दिसत नाही." फोटो पुसून टाका म्हणालीस, तेव्हा पुसले असंही सांगितलं. लग्नात नील तुझ्या खांद्यावर हात ठेवून मिरवत होता, लोक म्हणत होते जोडा शोभतो, आणि मी सगळ्यांना थँक्यू म्हणत होते. माझी मला शिसारी येते.

तो रंग आठ दिवस टिकतो. नील सहाव्या दिवशीच आला. शेवटी विकत घेतलेलं तुझं ते जड मशीन सकाळी पोचलं होतं आणि तू कागदावर फवारून हात बसवत होतीस. गन हातात, म्हणून फोन उचलला नाहीस. सात मिस्ड कॉल. तो गो ट्रेनमधून उतरून थेट सलूनमध्ये आला आणि "हू वेअर यू विथ?" एवढंच ओरडला. तुझे केस मुठीत धरून त्याने तुझं तोंड काउंटरच्या कडेवर आपटलं. एकदा. दोनदा. दात तुटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तिसऱ्यांदा त्याने तुझं डोकं मागे ओढलं तेव्हा मी मशीनचा तो जड डबा उचलला आणि सगळा जीव एकवटून त्याच्या कानशिलावर हाणला. खांद्याची आठवणच झाली नाही. पोटचा पोर रक्तात पडला आणि मला वाटलं, अजून एक हाणावा. हेही खरंच सांगते.

मग पोलीस आले. त्यांनी मला विचारलं, आणि माझ्या तोंडून तेच जुनं निघालं. पाईप पायात आला, दोघंही अडखळून पडले. तू तोंडावर टॉवेल दाबून माझ्याकडे बघत होतीस. तरी मी शब्द मागे घेतला नाही.

तू खरं सांगितलंस म्हणून त्याला पकडून नेलं, आणि त्याच्या जामिनाला मीच उभी राहिले. तो माझ्या बेसमेंटमध्ये राहत होता आणि मी त्याला गरम पोळ्या वाढत होते. "आई, जस्ट से व्हॉट यू सेड. दॅट्स ऑल," हे त्याचं रोजचं पालुपद. तू कशी आहेस, हे एकदाही विचारलं नाही. काल चहा निवला म्हणून त्याने कप भिरकावला, तो माझ्या कानाजवळ भिंतीवर फुटला. काचा वेचताना माझ्या लक्षात आलं, शेजारच्या जयंतीने आवाज ऐकला असेल तर काय सांगायचं, ते मी मनात जुळवते आहे. तेवढ्यात माधवीचा फोन आला. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, आई तर त्याच्या बाजूने बोलल्या, त्यापेक्षा नीलकडे परतच जाते, असं तू म्हणते आहेस म्हणे.

म्हणून लिहिते आहे. आज सकाळी नऊ वाजता मी पोलिसांकडे जाऊन सगळं सांगितलं. काउंटर, केस, सात कॉल, आणि डबा मी मारला तेही. खोट्या जबाबाबद्दल तुमच्यावरही केस होऊ शकते, वकील बघा, असं तिथली मुलगी म्हणाली. मी म्हटलं, लिहून घे. जामीन काढून घेतला. दुपारी त्याला घेऊन गेले तेव्हा तो लहानपणी मारायचा तशी हाक मारत होता, आणि मी जिन्यात बसून रडले. कोर्टात मी उभी राहीन, त्याच्यासमोर बोलेन. तू मात्र या घरी परत येऊ नकोस, माझ्यासाठीसुद्धा नको. आणि फोटो मी पुसले नव्हते, गौरांगी. तुझ्या नियमाप्रमाणे सगळे आहेत, तारखेसकट, रंग मारायच्या आधीचे. ते मी त्यांना दिले.

आई अशी सही करायला हात धजत नाही.

तुझीच,
शीला