अंजनाची वर्गणी

सांगली,
३ मार्च २०२५

चि. अंजना हिस यशोधराआक्काचा सप्रेम जयभीम.

वि. वि. डॉक्टरांनी महिनाभर तुझं बोलणं बंद केल्याचं पायलने कळवलं. तुझी लेक माझ्यापासून काही लपवत नाही, हे बरं आहे. फोनवर तू नुसती हुं हुं करणार, म्हणून कागद काढला. तूही लिही, तोंड उघडू नकोस.

गळ्यात गाठ आणि एप्रिलमध्ये जयंतीचे बारा कार्यक्रम, सगळे फुकट. मंडपवाल्याला पैसे, स्पीकरवाल्याला पैसे. तीन तास उभी राहून गाते तिला शाल. तुझ्या कपाटात आता शालींना जागा नसेल. तुझा दर लिहून उत्सव समितीच्या सचिवाला दे. तो तुझा दीर आहे म्हणून डगमगू नकोस. पैसे मिळाले तर कराडच्या सोनियाला गायला जोडीला घेता येईल, गळ्याला निम्मा आराम पडेल.

मुलांना आशीर्वाद. उत्तराची वाट पाहते.

तुझी आक्का

उंब्रज,
१२ मार्च २०२५

ती. आक्कास अंजनाचा सविनय जयभीम.

मिलिंदभावजींना कागद दिला. त्यांनी दोनदा वाचला, चिडले नाहीत. म्हणाले, "वहिनी, मी बिनपगारी रजा टाकून खुर्च्या लावतो. मी कुणाला बिल लावू? आपल्याच मान्सांस्नी दर सांगायचा व्हय?"

त्यांचं खोटं नाही. पण त्यांची रजा चार दिवसांची, मी वीस वर्षं गाते आहे. सासूबाई म्हणतात, नाव होतंय की. परक्यांशी भांडता येतं. ही माणसं माझी, गाणीही माझी. नाही म्हटलं तर चळवळीलाच नाही म्हटल्यासारखं होतं.

आक्का, रागावू नकोस. गेल्या बुद्धपौर्णिमेला मी तुमच्या महिला मंडळात गायले. तू साडी दिलीस आणि एसटीत बसवताना मैत्रिणींना म्हणालीस, घरचीच आहे. मला तेव्हा बरंच वाटलं होतं. बोलता येत असतं तर हे कधी सांगितलं नसतं.

तब्येतीला जप.

तुझी अंजना

सांगली,
१८ मार्च २०२५

चि. अंजना हिस सप्रेम जयभीम.

रागावले नाही. दोन दिवस जेवण मात्र गेलं नाही. त्या दिवशी खजिनदार मीच होते. केटररला, फोटोग्राफरला मागायच्या आत पाकिटं दिली. तू आठवलीच नाहीस.

काल मंडळात विषय मांडला. एकीने विचारलं, बहिणीला कुठे पैसे देतात का? मी सांगितलं, बहिणीला साडी दिली, गायिकेचे राहिलेत. सोबत पाच हजारांचा चेक आहे. परत पाठवलास तर मी पुन्हा पोस्टात टाकीन. सोनियाला आजच निरोप दे.

चुकले, हे लिहून ठेवते.

तुझी आक्का

उंब्रज,
३० मार्च २०२५

ती. आक्कास सविनय जयभीम.

चेक बँकेत भरला. सोनियाला निरोप द्यायचा होता, तेवढ्यात सासूबाईंनी कौतुकाने चार घरी सांगितलं आणि ते समितीपर्यंत गेलं. काल बैठकीत भावजी उठून म्हणाले की, वहिनींनी गाण्याची पहिली कमाई जयंतीला दिली. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. मला विचारायला हवं, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या बायांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. माझ्या नावाने पाच हजारांची पावती फाडली. वही-पेन माझ्या मांडीवरच होतं. मी काही लिहिलं नाही; हात जोडले.

सोनियाला द्यायला आता काही उरलं नाही, बाराही कार्यक्रम मी एकटीच करते आहे. पायल गरम पाण्याचा थर्मास घेऊन सोबत येईल. चौदा तारखेला तू मात्र येऊ नकोस. पुढे बसलेली दिसलीस, तर मला गाता येणार नाही.

माया आहे तशीच ठेव.

तुझी अंजना