प्रोसेसर आत्ता घ्यावा की थांबावं

ती. भावोजी यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सगळे सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचं चक्कर येणं थांबलं का? पत्र जाड मार्करने लिहिलंय, कारण बारीक पेनाने लिहिलेलं माझं मलाच आता वाचता येत नाही. (ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील तर ताईला वाचायला द्या. शाळेत माझं अक्षर फक्त तिलाच लागायचं.)

पत्रास कारण की, कॉम्प्युटरचा प्रोसेसर आत्ता बदलावा की थांबावं, याबद्दल तुमचा सल्ला हवा आहे. या विषयात आपल्या घरात तुमचा शब्द शेवटचा. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात, थांब, पुढच्या वर्षी दुप्पट वेगाचा येतोय. मी थांबलो. तो आला तेव्हा तुम्ही म्हणालात, आता हा कशाला घेतोस, याच्या पुढचा बघ. तेव्हापासून मी पुढचा बघतोय. (मधल्या काळात तुम्ही स्वतः तीन बदललेत हे ताईकडून कळलं. राग नाही.)

एरवी मी आणखी अकरा वर्षं रेटली असती, पण डोळ्यांनी घात केला. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं की मधलं दिसणं जाणार आणि कडेचं राहणार. म्हणजे ज्याच्याकडे बघावं ते दिसत नाही, त्याच्या शेजारचं दिसतं. हिचा चेहरा बघायचा तर मला हिच्या कानाच्या पलीकडे नजर लावावी लागते, आणि पलीकडे नेमकी समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी शेजारीण असते. आठवडाभर घरात अबोला होता. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकृती काढून हिला समजावलं, तेव्हा ही जी रडायला लागली ती थांबेचना. त्यापेक्षा अबोला बरा होता. निघताना बाई मला म्हणाल्या, “जे बघायचं राहिलंय ते वर्षभरात बघून घ्या.”

आता माझ्या बघण्याचं म्हणाल, तर तीस वर्षं मी लोकांच्या अजून न झालेल्या खोल्यांची चित्रं कॉम्प्युटरवर काढून देतोय. कपाट इथे, ओटा तिथे, सकाळचं ऊन असं आत येईल. चित्र बघून गिऱ्हाईक हो म्हणतं आणि मग आमचा सुतार कामाला लागतो. (त्याला सगळे मिलिमीटर म्हणतात. अर्ध्या मिलिमीटरसाठी त्याने एकदा आख्खं कपाट परत नेलं होतं.) इतकी वर्षं सगळी परक्यांची घरं काढली. आता आपल्या लेकीने दोन खोल्यांची जागा घेतली आहे आणि ताबा मिळायला दीड वर्ष आहे. डोळ्यांना वर्ष, घराला दीड वर्ष. घर उभं राहील तेव्हा मी त्याच्या भिंती चाचपत फिरणार. बघायचं झालं तर ते चित्रातच, म्हणून चित्र काढायला घेतलं.

इथे आपला प्रोसेसर आडवा आला. लेकीला खिडकीसमोर आरसा हवा आहे. ऊन खिडकीतून येणार, आरशावर पडणार, तिथून उडून फरशीवर जाणार, एवढं काही त्याला झेपत नाही. सकाळी नऊला कामाला लावला की दुपारी चारपर्यंत घरघरतो, तापतो, आणि छत नि अर्धी भिंत झाली की मान टाकतो. मी कॉम्प्युटरचा डबा उघडून समोर टेबलफॅन लावला. ही म्हणाली, मला ताप आला होता तेव्हा एवढी सेवा झाली नव्हती. मग आरसा काढून टाकला. चित्र पूर्ण झालं, पण ती खोली लेकीची वाटेना, दवाखान्याची वाटायला लागली. दुकानदार तुमच्याच पंथाचा निघाला. आठ महिने थांबा म्हणाला, नवीन येतोय. शेवटी मी आलेख काढायला बसलो. प्रोसेसरची रेघ वर जाणारी, डोळ्यांची खाली येणारी, आणि दोन्ही जिथे भेटतील त्या महिन्यात खरेदी. दोन तास खपून तो बिंदू सापडला, तो बरोबर कागदाच्या मधोमध, त्यामुळे मला दिसेना.

तरी आपलं मत सवडीने कळवावं. ताईला नमस्कार सांगावा.

आपला मेहुणा

ता.क. प्रोसेसर मागच्या मंगळवारीच आणला, तो ज्यावर बसवतात त्या नव्या बोर्डासकट. त्याच्या पोटाला केसाएवढ्या बारीक सुया असतात. मी हल्लीच्या सवयीने शेजारी बघत नेम धरला आणि अंगठ्याने दाबला. तो चुकीच्या बाजूला फिरलेला होता, तेवीस सुया वाकल्या. मिलिमीटरने दाढीच्या पात्याने नऊ सुया सरळ केल्या, मग पातं खाली ठेवून म्हणाला, “साहेब, हे माझ्या मापातलं नाही.” चौदा राहिल्या आहेत. सवडीचं राहू द्या, याच रविवारी सकाळी भिंग घेऊन या.

आणखी एक. डॉक्टरीणबाईंनी वर्षाची मुदत दिली ती गेल्या वर्षी. लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच तिला ठाऊक आहे. तुम्हीही बोलू नका. रविवारी संध्याकाळी तिलाही बोलावलं आहे. घर मला नाही दिसलं तरी चालेल भावोजी, ते मला मापांसकट पाठ आहे. पण ती आपलं घर पहिल्यांदा बघेल तेव्हा तिचं सगळं लक्ष स्क्रीनकडे असेल, आणि मी कुठे बघतोय हे तिला कळणार नाही. तेवढ्यात मला तिचा चेहरा बघून घ्यायचा आहे, कडेकडेने जेवढा दिसेल तेवढा. त्या वेळी प्रोसेसरबद्दल काही बोलू नका.