मांडीवरची पिवळी फळी

३ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

रोज ‘उद्या लिहितो’ म्हणत तीन आठवडे ढकलले, कबूल. तुझ्या दुकानातून पळालो तो थेट या बंदरावर. होड्यांना रंग देतो. मुकादम बोलायला तिखट, पण डब्यातलं अर्धं मलाच देतो. इथे एक तीन पायांचा कुत्रा आहे, तो चक्क शिडी चढतो, म्हणजे एकदा काय झालं... जाऊ दे, कागद पुरायचा नाही. टेबल नाही, पण फाटक्या पिशवीच्या तळाला घातलेली पिवळी फळी मांडीवर घेऊन लिहितोय. झकास काम होतं. दुधाचा फ्रिज अजून गळतो का? दाजींना नमस्कार.

रागावली असशीलच. थोडा राग कमी कर, लोभ तेवढाच ठेव.

तुझा,
भिंगरी

९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आलं, हायसं वाटलं. कुत्र्याचं सगळं कळलं, तुझ्या तब्येतीचं काहीच नाही!

इकडे डोक्याला ताप झालाय. तू गेलास त्याच सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या चित्रकलेच्या निवृत्त बाई फ्रिजसमोर घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं. आता वकिलाची नोटीस आलीय, की गिऱ्हाईक दुकानात पडलं तर जबाबदार मालक. फरशी ओली होती आणि ‘सावकाश’ची पाटी नव्हती, असं बाईंचं म्हणणं. मी उलट लिहून दिलं, पाटी होती, बाई खोटं बोलतात. तू रोज पाणी पुसून पाटी लावायचास, मला ठाऊक नाही का? त्या दिवसापासून ती सापडत मात्र नाही. आता तूच पाटी लावली होतीस असं लिहून, सही करून पाठव. दाजी तर दुकान बंद करायच्या गोष्टी करतायत.

जेवत जा रे वेळेवर.

तुझी,
ताई

१५ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

या वेळी लगेच लिहितोय. तू सांगितलंस तसंच लिहायला बसलो. कागद घेतला, फळी घेतली, आणि सहज उलटी केली. ‘सावकाश! फरशी ओली आहे.’ ताई, तीच ती!

त्या सकाळी फरशी पुसली, पाटी हातात घेतली, तेवढ्यात मला बंदरावर नेणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला. पिशवीचा तळ फाटलेला. हातातली पाटीच तळाला कोंबली नि धूम ठोकली. नंतर साफ विसरलो.

बाई खोटं बोलत नाहीत. सही हवी होती ना, ती या पत्राखाली आहे. त्यांना दाखव. दुकान तुझं म्हणून नोटीस तुला आली, पण मनगट मोडलं ते माझ्यामुळे. माझा इथला पगार त्यांच्या औषधाला घे.

शिव्या घाल, पण अबोला नको.

तुझा,
भिंगरी

२२ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दोन दिवस तुझं नाव निघालं की मी भांडी आपटत होते. मग तुझं पत्र घेऊन बाईंकडे गेले, माफी मागितली. त्यांनी सगळं वाचलं, डाव्या हाताने लाल पेन्सिल घेऊन तुझ्या चुका दुरुस्त केल्या आणि खुदकन हसल्या. म्हणाल्या, हाताचं एवढं नव्हतं हो, खोटारडी ठरवलंत ते लागलं. नोटीस मागे घेतली. उपचाराचा खर्च दुकान करणार, प्लास्टर निघेपर्यंत सामान दाजी घरपोच करणार. फ्रिजवालाही उद्या येतोय.

पगार तुझ्याकडेच ठेव, पिशवी घे नवी. लोभ आहेच, मागायची गरज नाही.

तुझी,
ताई

ता. क. काचेवर कोण टकटक करतंय म्हणून वर बघितलं तर तूच, काखेत पाटी घेऊन! हे पत्र आता हातातच देते. पण तिथेच थांब, फरशी आत्ताच पुसलीय.