मातीचा मानाचा बैल

शिंदाळवाडी, जळकोटजवळ
८ ऑक्टोबर १९७२

प्रिय सुमन,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र परवा पोचलं. लातूरला सगळे खुशाल आहेत, बाळाला दात येतायत, वाचून बरं वाटलं. इकडं पावसाचं नाव नाही. तलावात उभं राहिलं तर भेगेत पाय जातो. अण्णा या वयात खडी फोडायला जातात आणि घरी येऊन सरकारला शिव्या देतात, म्हणजे त्यांची तब्येत ठणठणीत आहे.

अक्षर वाकडंतिकडं दिसेल. उजवा हात अजून झोळीत आहे, डाव्यानं लिहिते आहे. ट्रेनिंग कॉलेजात माझ्या अक्षरावर जळायचीस ना? झालं तुझ्या मनासारखं.

'तो शाळेचा नाद अजून सोडला नाहीस का?' असं विचारलंस. नाही सोडला. गावच्या शाळेत आमच्या आळीतली लेकरं दाराबाहेर बसायची, मार खाऊन एकेक गळाली. त्यात यंदा गुरुजींनाच दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला नेलं, शाळेला कुलूप. मग घरी बसलेल्या पोरांना इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आमच्या अंगणात नाही शिकवायचं तर कुठं? शनिवारचा तास गावाच्या चालीरीतींचा. गावातल्या शरिफाबी येऊन मोहरमचे पंजे कसे बसवतात ते सांगून गेल्या. आणि पोळ्याचा तास तू घेतलास. तो आठवतो ना तुला? तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून विचारते.

पंचमीला माहेरी आलेली तू पोळ्यापर्यंत राहिलीस. आमच्या अंगणात चक्क मांडी घालून बसलीस. तलावातली काळी माती मळून बैल कसा करायचा, वशिंड कुठं ठेवायचं, हे तूच दाखवलंस. तूच सांगितलंस की तुमच्या घरचा बैल वेशीतून पहिला जातो, तो मानाचा, त्याच्यामागं बाकी गाव. आमच्या आळीचे बैल वेशीबाहेरूनच वळवतात, हे तू सांगितलं नाहीस. पोरांना ते ठाऊक होतंच.

अण्णा माझ्यावर चिडले होते. "आपुन हे समदं सोडलं ना? मंग कशाला पुन्हा शिकवतीस?" मी म्हटलं, अण्णा, पाळायला नाही, समजून घ्यायला. जे समजत नाही त्याच्याशी भांडणार कसं?

यंदा गावात बैल कुठं होते? कुणी गुरांच्या छावणीत घातले, कुणी बाजारात विकले. तुझे तात्यारावदादा छावणीत ठेवलेत म्हणत होते, पण त्यांची जोडी गेल्याचं अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आणि तास संपताना तू पोरांना म्हणालीस, "खरे बैल न्हाईत तर हेच घेऊन या उद्या आमच्या दारी. मी ओवाळीन." टाळ्या वाजवल्या गं पोरांनी तुझ्यासाठी.

केशरनं त्या दिवशी सगळ्यात मोठा बैल केला. आमच्या शेजारच्या श्रीपतीची केशर, बारा वर्षांची, तुला प्रश्न विचारून विचारून भंडावलं होतं ती. शिंगांना लाल हिंगूळ लावला, गळ्यात चिंध्यांची माळ घातली. मी विचारलं, हा कुणाचा? म्हणाली, "तात्याकाकांचा. त्यांच्याकडं न्हाय ना औंदा. मग पयला कोन जानार?" शिकवलेलं इतकं नीट समजलेली दुसरी विद्यार्थिनी मला अजून भेटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, ती तो बैल डोक्यावर घेऊन वेशीतून पुढं निघाली. मागं चाँदपाशाची गुलबानो, मग सगळी पोरं, शेवटी मी. तू दारात उभी होतीस. हातात ताट, ताटात निरांजन पेटलेलं.

तात्यारावदादा बाहेर आले. केशरनं बैल पुढं केला. "काका, हा तुमचा. मान तुमचाच."

पुढचं तू पाहिलंस, पण तू लिहीत नाहीस म्हणून मी लिहिते. भिंतीला टेकवलेलं नांगराचं रुमणं, ते मुठीचं जाड लाकूड, त्यानं उचललं. बैल फोडला. मातीचं ढेकूळ ते, तेवढ्यावरच सगळं संपलं असतं. "माझी खिल्ली उडिवती व्हय गं!" म्हणत दुसरा घाव तिच्या डोक्यात घातला. मी मधे हात घातला, तो मोडला. तिसरा पुन्हा तिलाच. कवटी फुटल्याचा आवाज मडकं फुटल्यासारखा येतो, सुमन. तू तितक्याच अंतरावर होतीस, तुलाही आला असणार. त्याच्या माणसांनी बाकीची पोरं वेशीपर्यंत लाथा घालत नेली. मी वळून पाहिलं तर तू ताट आत नेत होतीस, निरांजनाला पदराचा आडोसा करून.

गुलबानोच्या बापानं, चाँदपाशानं, आम्हाला ट्रकमध्ये घातलं. सोलापूरचा दवाखाना गाठायचा होता. नळदुर्ग मागं पडलं तेव्हा केशर माझ्या मांडीवर गेली. हे लिहायचं मी पानभर टाळत होते.

आणि तू लिहितेस, जबाबात एवढंच सांग की पोर वेशीच्या पायरीवरून पडली. दादा तापट आहे, पण मनानं वाईट नाही. बैल गेल्यापासून तो खचला होता. आपली मैत्री आठव, म्हणतेस. आठवते ना. म्हणून तर चिडून कागद फाडला तरी पुन्हा नवा घेतला.

पडली असं मी सांगणार नाही. फौजदार मला म्हणतो, तुझी साक्ष आळीतली, गुलबानो लहान, गावात दुसऱ्या कुणी काही पाहिलेलंच नाही. तिकडं तात्याराव जामिनावर सुटून पारावर बसतो. त्याच्यासमोरून श्रीपतीला रोज खडीवर जावं लागतं.

तेव्हा मी फौजदाराला तुझं नाव दिलं आहे. दारात ताट घेऊन कोण उभं होतं, पोरांना कुणी बोलावलं होतं, सगळं सांगितलं. कोर्टाचा माणूस लातूरला तुझ्या दारी येईल. तुझं माहेर तुटेल, सासरी बोल लागेल, मला कळतं. तरी दिलं. राग आला तर ये. लेकराला घेऊन आमच्या अंगणात बस आणि मला तोंडावर बोल.

पोरं अजून मातीचे बैल करतात, मी अडवत नाही. काल गुलबानोनं विचारलं, त्या ओवाळणाऱ्या बाई परत कधी येणार?

मी सांगितलं, तारखेला तुळजापूरच्या कोर्टात येतील.

मला पोरांसमोर खोटं पाडू नकोस.

अजूनही तुझीच,
मुक्ता