हळू बोलणाऱ्या बाईंची शिकवणी

पुणे, ६ जानेवारी २०२६

आदरणीय आत्यास,
दीक्षाचा सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवरचं हवेत जातं, पत्र दुपारी पुन्हा काढून वाचता येतं, असं तुम्ही बजावलंत. म्हणून लिहायला बसले.

कोरियातल्या लोकांना मी कॉम्प्युटरवरून इंग्रजी बोलायला शिकवते. त्यात एक हेजिनबाई आहेत, पन्नाशीच्या नर्स. लेक ऑस्ट्रेलियात असते, तिच्याजवळ राहता यावं म्हणून तिथल्या दवाखान्यात मुलाखती देतात. दोनदा नापास झाल्या. इंग्रजी त्यांना माझ्याहून जास्त येतं हो! पण कोरियन बोलताना शब्दातल्या सगळ्या अक्षरांना सारखंच वजन. इंग्रजीत एक अक्षर दाबून, लांबवून म्हणायचं आणि बाकीची उरकायची. ‘इमर्जन्सी’त जोर ‘मर’वर. बाईंचं सगळं सपाट, ऐकणाऱ्याला शब्दच सापडत नाही. वाक्याचा शेवटही भीत भीत वर नेतात, मग पक्कं ठाऊक असलेलंसुद्धा विचारल्यासारखं वाटतं.

जोर द्या म्हटलं की लाजतात. आवाज चढवणं म्हणजे समोरच्यावर ओरडणं, असं लहानपणापासून त्यांच्या मनात बसलंय. मी टाळ्या वाजवल्या, रबर ताणून दाखवलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या महिन्यात शेवटची मुलाखत आहे. मग वयामुळं संधी नाही. सांगताना रडल्या. मलाच काही सुचेना झालंय.

मामांना जयभीम, राजपालला एक चापट. माया आहे तशीच असू द्या.
तुमची दीक्षा

जळकोट, १४ जानेवारी

चि. दीक्षास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद. तुजं पत्र पोचलं. आमी समदी खुशाल हाव. ज्वारी हुरड्यात आलीया, पाखरं लई माजलीत. त्यास्नी हाकलाया दिसभर माळ्यावर उभं राहून वरडती, घसा पार बसलाय.

पोरी, बंद खोलीत, खुर्चीत बसवून, समोर मास्तरीण, आन म्हनं जोर द्या! म्या तरी दिला असता का? राजपाल वढ्यापल्याड पाणी देत असतो. भाकरी घेऊन गेले की हाक मारती, तवा काय रा-ज-पा-ल असं मोजून म्हणती व्हय? वाऱ्यात एक अक्षर पोचायचं न्हाय. ‘पाऽऽ’ तेवढा लांबवायचा, बाकीचं आपसूक येतं. आन लेकराला जेवायला बोलावलं तर त्यात वरडणं कसलं? त्या बाईला म्हणावं, ऊठ, रानात जा, लेकीला हाक मार. रान नसंल तर टेकाड तरी असंलच की.

तुजे मामा म्हणत्यात, परक्या बाईला वरडायला लावून पोरीची नोकरी घालवशील. त्यांचं सोड. येळेवर जेवत जा. चार वळी धाडत जा, जीव थाऱ्यावर राहतो.
तुजी आत्या, बनाबाई

पुणे, २० फेब्रुवारी

आदरणीय आत्यास,
सप्रेम जयभीम. आत्या, झाल्या! हेजिनबाई पास झाल्या!

तुमचं पत्र त्यांना इंग्रजीत वाचून दाखवलं तर खुदकन हसल्या. त्यांच्या घरामागं टेकडी आहे, आणि तिकडं माथ्यावर पोचलं की माणसं हाळी देतात म्हणे. त्यात कुणाला उद्धटपणा वाटत नाही. मग बाई तिथं जाऊन हाका मारू लागल्या, आधी लेकीचं नाव, मग इंग्रजी शब्द. मी मोबाइलवर ऐकायची. आमचा शहाणपणा बघा, पहिला शब्द निवडला ‘इमर्जन्सी’! एक आजोबा पाण्याची बाटली घेऊन धापा टाकत वर आले. बाई वाकवाकून माफी मागत होत्या. आजोबा म्हणाले, खाली शब्द स्वच्छ कळला म्हणून तर पळालो. मग आम्ही बापड्या टोमॅटो-बटाट्यावर आलो.

मुलाखतीत बाई हळूच बोलल्या, पण जोर जिथल्या तिथं राहिला. कुणी एकदाही ‘पुन्हा सांगा’ म्हणालं नाही. जूनमध्ये लेकीकडं जातील. तुमच्या आवाजाचे उपकार आयुष्यभर विसरणार नाही, असा निरोप दिलाय, आणि तुमच्यासाठी कमरेत वाकून नमस्कार केला. माझाही तसाच समजा.

लेकरावर लोभ ठेवताच, तो असाच राहो.
तुमची दीक्षा

जळकोट, ४ मार्च

चि. दीक्षास,
आत्याचे आशीर्वाद, त्यातले निम्मे त्या बाईला. राजपालनं पत्र मोठ्यानं वाचलं. मामा म्हणले, परत वाच.

पोरी, सासू म्हणायची, बाईचा आवाज उंबऱ्याभाईर जाऊ नये. मामा अजून म्हणत्यात, हळू बोल, गावाला ऐकू जातं. रानात पाखरांवर वरडले तेवढंच. चार माणसांत म्या कायम तोंड मिटून बसले, बाई. आन सातासमुद्रापल्याडची एक बाई ह्याच आवाजाचे उपकार म्हणती! ऐकून डोळ्याला पदर लावला. माजेच तिच्यावर उपकार न्हायत, तिचेबी माज्यावर हायत, आसं तिला नीट समजावून सांग.

काल पौर्णिमेला विहारात वंदना सांगणाऱ्या कडूबाई आजारी पडल्या. कोण सांगतं म्हणून विचारलं, समद्या एकमेकींकडं बघाया लागल्या. म्या उठले आन सांगितली. पार मागल्या वळीपतुर ऐकू गेली.

तुज्या पत्राची वाट बघणारी,
आत्या