बारावा सामना

६ जुलै, शनिवार

तेवीस! आमच्या यादियेलने आजही मारला. सलग तेवीस सामन्यांत किमान एक हिट – अख्खं मैदान नाचत होतं, मी बसूनच होतो.

पहिल्या बेसमागच्या भिंतीवर फळी आहे: ड्वेन पोलाचेक, सलग २७ सामने, १९७६. आमच्या हेरन्स बेसबॉल संघाचा सगळ्यात जुना विक्रम. अजून पाच सामने. मोडू दे बाबा एकदाची ती फळी, म्हणजे मी सुटलो!

७ जुलै, रविवार

चोवीस. दुपारचा सामना, ऊन मरणाचं.

मागच्या बाकावरची मंडळी मागे लागली, "नॉर्बर्ट, तुम्ही पाहिलंय ना ड्वेनला? सांगा की!" झालं! मला काय, कुणी विचारायचाच अवकाश. गस लिंडक्विस्टपासून सुरुवात केली. कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू धरणारा. सामन्याआधी कच्चा कांदा खायचा, मागे उभ्या पंचाने चार पावलं लांब राहावं म्हणून. मग हर्शेल टीग. डावखुरा, चेंडूशी गप्पा मारायचा आणि चेंडूवर रुसला की तीन दिवस अबोला. खूप हसले सगळे. शेवटी ड्वेन. पडलेले खांदे, नांगरामागून चालल्यासारखी चाल, पण बॅट फिरली की आवाज नदीपलीकडे जायचा. त्याच्याएवढं प्रेम मी कुठल्याच खेळाडूवर केलं नाही. माणूस म्हणूनही नाही केलं फारसं कुणावर.

"सत्तावीसच्या सत्तावीस सामने पाहिलेत तुम्ही?" एका बाईने विचारलं.

"पाहिलेत काय, लिहिलेत! मीच होतो स्कोअरर."

बोललो आणि उगाच लिंबूपाणी आणायला उठलो.

९ जुलै, मंगळवार

पंचवीस. जेवण जात नाही. इथे तरी लिहून टाकतो, ही वही कोण वाचतंय!

मारलेल्या चेंडूवर फलंदाज पहिल्या बेसला पोचला, की स्कोअररने ठरवायचं – त्याने ती हिट कमावली, की समोरच्याने हातातला चेंडू सोडला. सोडला असेल तर ती सोडणाऱ्याची चूक. फलंदाजाच्या नावावर काही नाही. चौतीस वर्षं हे काम केलं मी. हजारो निर्णय दिले. एक खोटा.

ड्वेनचा बारावा सामना. शेवटचा डाव, तोवर एकही हिट नाही. त्याने मारला तो मेलेला चेंडू, सरळ दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉपकडे. लहान मुलीनेही धरला असता. त्या गड्याच्या दोन्ही पायांमधून गेला! ड्वेन पहिल्या बेसवर. नऊशे माणसं वळून माझ्या खोलीकडे बघायला लागली. मी एकतीस वर्षांचा.

मी फलकावरचा हिटचा दिवा लावला.

काय ओरडले लोक! ड्वेनने मात्र मान वर करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. टोपी काढली नाही. मला वाटलं, लाजला.

१० जुलै, बुधवार

सव्वीस.

सामन्यानंतर यादियेल कुंपणाशी आला. बावीस वर्षांचा, डोमिनिकन रिपब्लिकचा. मला आदराने 'डॉन नॉर्बेर्तो' म्हणतो. "डॉन नॉर्बेर्तो, तुमच्या त्या पोलाचेकसाहेबांना रात्री झोप लागायची का हो? मला तर बॅट जवळ घेतल्याशिवाय डोळा लागत नाही."

"त्याला लागायची. झोपाळूच होता," म्हटलं.

"विक्रम मोडला तर मोठ्या क्लबचा माणूस मला बघायला येणार आहे. मॅनेजर म्हणाले. आईला सांगितलंय मी. सांगायला नको होतं का?"

"बरं केलंस," म्हणालो.

११ जुलै, गुरुवार

संपलं.

आठव्या डावात, आजच्या शेवटच्या संधीला, यादियेलने मारला, चेंडू तिसऱ्या बेसवाल्याच्या हातमोज्यात बसून खाली पडला. चूक. आंधळ्यालाही दिसली असती. आता माझ्या जागी मॅरिबेथ बसते, शाळेत ग्रंथपाल आहे, मीच तयार केलेली. तिने काचेतून आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. वर पाहिलं तर फलकावर 'चूक' असा दिवा लागला होता. लोकांनी तिला काय काय शिव्या दिल्या!

नंतर गाडीपाशी आली. चेहरा रडवेला. "बरोबर दिला ना हो मी? तुम्हीच शिकवलंत – निर्णय डोळ्यांनी द्यायचा, मनाने नाही."

"बरोबर दिलास, पोरी."

तिने माझ्या दंडाला धरलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. यादियेल पायरीवर बसून बुटातली माती झटकत होता, दोन्ही बूट स्वच्छ झाले तरी झटकत होता.

१२ जुलै, शुक्रवार

ही बेरीज अठ्ठेचाळीस वर्षं टाळली. आज केली. ड्वेनचे खरे अकरा, मग खंड, मग पंधरा. विक्रम पंधराचा! यादियेलने तो जूनअखेरीसच मोडला. कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही.

मोठ्या क्लबचा माणूस आता येणार नाही म्हणे.

सांगायला हवं. पण ड्वेन जाऊन चार वर्षं झाली. मेलेल्या माणसाचं नाव मी भिंतीवरून उतरवायचं? आणि त्याच्या रोझलिनला काय तोंड दाखवू?

१३ जुलै, शनिवार

गेलो रोझलिनकडे. ड्वेनची बायको, आता एकटीच राहते. जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, केले होते तिने. दोन बोटांत धरला, तोंडात घालवेना. मग सांगून टाकलं. सगळं. बारावा सामना, शॉर्टस्टॉपचे पाय, दिवा. मी रडलो, एकोणऐंशी वर्षांचा घोडा!

तिने कॉफी ओतली. माझा कप भरला तरी ओतत राहिली.

"यादियेलसाठी सांगावं म्हणतो उद्या," मी म्हणालो. "तू नको म्हणालीस तर नाही सांगणार."

उठून आत गेली. टॉवेलात गुंडाळलेली ड्वेनची बॅट आणून माझ्या मांडीवर ठेवली. "त्या उन्हाळ्यात दर हिटच्या सामन्यानंतर चाकूने एक खूण करायचा हिच्यावर. घरी जाऊन बघ."

"इथेच बघतो की."

"इथे नको, नॉर्बर्ट. मला बघवणार नाही तुझ्याकडे."

टॉवेल तसाच आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर. हात लावायचं धाडस नाही.

१४ जुलै, रविवार

सकाळी सोडला टॉवेल.

अकरा खुणा. मग दोन बोटं रुंद कोरी जागा. मग पंधरा.

मुठीपाशी रोझलिनची चिठ्ठी बांधलेली: "मधली जागा का सोडलीस, मी विचारलं होतं. म्हणाला, नॉर्बर्टला माहीत आहे, तो सांगेल. शेवटच्या आजारपणातही विचारत होता – नॉर्बर्ट आला होता का?"

दोनचा सामना. एक वाजता माइक मागितलाय. बॅट सोबत नेतोय, आधी यादियेलच्या हातात देईन.